आबा असताना काढलेली मिशी

डॉक्टरांनी कागदावर आधी एक जबडा काढला, मग एक पाय काढला, आणि मग पायाकडून जबड्याकडे एक बाण काढला. बाण जरा जास्तच झोकात आला. आबांनी, माझ्या वडिलांनी, कागद उचलून डोळ्यांपासून लांब धरला आणि विचारलं, "म्हंजे हितलं हाड तिथं?"

"हो. पायात दोन हाडं असतात. त्यातलं बारीक हाड घ्यायचं, त्याचे तुकडे जुळवून जबडा बनवायचा. आणि तोंडात आतल्या बाजूनं पायाचीच थोडी कातडी लावायची."

"पायाच्या कातडीला क्यास असत्यात."

"असतात. कधी कधी तोंडात थोडे उगवतातही."

"आन मिशी?"

"मिशी काढावी लागेल. ओठाला चीर द्यायचीय."

आबांनी कागद खाली ठेवला आणि आईकडे वळले. "ऐकलंस का? मिशी भाईरनं काढनार आन आतनं लावनार."

मी हसले. बेतानं हसले असते तर चाललं असतं, पण मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि बाहेरच्या खोलीतून नर्स बघायला आली. आईने टेबलाखालून असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं. "दात काढायचं बंद कर," ती दबक्या आवाजात म्हणाली. माझं हे लहानपणापासूनच आहे. आमच्या घरात भीती वाटली की आई भांडी घासायला घेते, भाऊ गप्प होतो आणि मला हसू फुटतं. बारावीच्या निकालाला मी हसले, सासरी निघताना मांडवात हसले, आणि चार वर्षांपूर्वी आबांच्या गालात पहिल्यांदा कॅन्सर निघाला तेव्हा रिपोर्ट हातात घेऊन जिन्यात बसून हसले होते.

तेव्हा गालातला तुकडा काढला, मग मशिनीखाली किरणांचा शेक दिला. आबांनी तंबाखू सोडली. चुन्याची डबी आपल्या हाताने पंचगंगेत टाकली आणि घाटावरच्या लोकांना दाखवून टाकली. त्यानंतर तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं, पण आबा खूश होते. आपण शब्द पाळला, आता रोगानेही पाळावा, असा त्यांचा साधा हिशेब. तो परत आला तेव्हा आबांना भीतीपेक्षा रागच जास्त आला. या खेपेला तो खालच्या जबड्याच्या हाडात शिरला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "या महिन्यात केलं तर मी करू शकतो. पुढे सरकला तर माझ्याही हातात राहणार नाही."

आबांनी मान डोलावली, हात जोडले आणि घरी येऊन सांगितलं, "मी न्हाय करत."

आबांची पिठाची गिरणी आहे, पेठेतल्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत. गहू, ज्वारी, नाचणी, भाजणी, सगळं दळतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यांची मिशी पांढरी होते. आता ती मुळातच पांढरी झाली होती, पण गल्लीतल्या बायका अजून "आबा, मिशी झाडा" म्हणायच्या. ती मिशी भरघोस, दोन्ही टोकांना जराशी वर. न्हाव्याला तिला हात लावायची परवानगी नव्हती, ते काम आबा स्वतः आईच्या शिवणाच्या कात्रीने करायचे.

आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. बाप गेला की काढतो. हल्लीची शहरातली पोरं मानत नाहीत, पण आमची गल्ली मानते. कुणी हौसेने ओठ साफ करून आला की त्याला भर चौकात विचारतात, "काय रं, बाप मेला काय तुझा?" आबांनी आयुष्यात एकदाच मिशी काढली होती, आजोबा गेले तेव्हा.

"तवा बापासाठी काढली," आबा म्हणाले. "आता काय, माझ्याच मयताची तयारी मीच करू?"

मिशी ही सबब आहे हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. आधी जोतिबाच्या यात्रेनंतर बघू म्हणाले, मग पाहुण्यांच्या लग्नानंतर. दिवस जात होते, आई भांडी घासत होती. एकदा आबा गिरणीच्या दगडाला टाकी लावत बसले होते, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने परत खरबरीत करत होते. मी शेजारी जाऊन बसले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मरायचं भ्या न्हाय गं. पर त्यातनं उठून बसलेला मानूस कोन असंल? तोंड वाकडं, बोलनं कुनाला कळंना. बाया दळान घिऊन येतील आन पोरास्नी माझं भ्या दावतील. तुझी आई कुनासंगं ऱ्हानार मग?"

त्या वेळी मला हसू आलं नाही. मी छिन्नीचा कचरा सुपात भरला आणि आत गेले.

आता माझा धाकटा भाऊ. तो इचलकरंजीत जॉबर आहे, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करतो. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात काही शिरलं की ते कुणाला न विचारता करून मोकळा होतो. त्याने मोबाईलवर कुठेतरी बघितलं होतं की आजाऱ्याचे केस गेले म्हणून त्याच्या मित्रांनीही आपापली डोकी भादरली, आणि सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. आमच्या भावाला ते फार भिडलं. आबांना मिशीचंच वाटतंय ना, मग आधी आपली काढावी, आबांसमोर उभं राहावं आणि म्हणावं, "हे बघा, काय होत न्हाय."

रात्रपाळी सुटल्यावर तो तिथल्याच एका सलूनमध्ये बसला, दाढी-मिशी सफाचट केली आणि मोटारसायकलवरून कोल्हापूरला निघाला. अर्ध्या वाटेवर त्याचं धाडस संपलं. थेट घरी जायचं होईना, म्हणून गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर थांबला. रात्रभर जागलेला, डोळे लाल, कपड्यांवर सुताचे तंतू, आणि ओठावर काही नाही. त्यात गिरणी दोन दिवस बंद होती, कारण आबांच्या तपासण्या चालल्या होत्या.

आमच्या गावात अनोळखी माणसालासुद्धा "पावणं, कुठनं आलायसा, कुणाकडं निघालाय" एवढं विचारल्याशिवाय चहा मिळत नाही. त्या सकाळी त्याच गावाने माझ्या भावाला एक प्रश्न विचारला नाही. चहावाल्याने त्याच्या तोंडाकडे बघितलं, रेडिओ बंद केला आणि न मागता चहा पुढे केला. कुणीतरी पाठीवर हात ठेवला. भावाला वाटलं, काय माणसं आहेत, आपल्या मनातलं न सांगता ओळखतात. तो तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसला, थोडं टेकावं म्हणून आडवा झाला आणि झोपला. मंडळाच्या पोरांना वाटलं, दुःखाने गळाठला. त्यांनी त्याला उठवलं नाही आणि कामाला लागले.

आमच्या मंडळाचं काम म्हणजे काम. गणपती असो, फुटबॉल असो नाहीतर मयत असो, पोरं कुणाची वाट बघत नाहीत. एकाने बांबू आणि मडक्याचं बघितलं, एकाने पेठ वडगावला थोरल्या आत्तीला फोन केला, दोघांनी दुकानदारांना अर्धी शटरं ओढायला लावली. आणि एक गेला तो फ्लेक्स छापूनच आला. गणपतीच्या आरतीला फेटा बांधलेला आबांचा फोटो, मिशी ऐन भरात, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हे सगळं आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होत होतं, आणि घरात मी नाचणीची आंबील ढवळत होते, कारण आबांना तेवढीच सुखाने गिळता यायची. आबा मागच्या अंगणात वाटी घेऊन उन्हात बसले होते.

पहिला आवाज आला तो आत्तीचा. आत्ती आबांहून मोठी, तिचं रडणं म्हणजे आमच्या भावकीत मानाचं. रिक्षातून उतरायच्या आधीच तिने सूर लावला होता. "माझ्या भावाऽ रं! मला सोडून कसा गेलास रंऽ!" मी दार उघडलं. दारात निम्मी गल्ली. आत्तीने मला मिठी मारली, आणि तिच्या खांद्यावरून मी एवढंच बघितलं की सगळे डोळे पुसतायत. आत्तीच्या नवऱ्याला, आमच्या मामांना, दम्याचा त्रास होता. माझी खात्री झाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "आत्ती, धीर धर. मामा कधी गेलं?"

आत्ती रडता रडता थांबली. "तुझा मामा? त्येला काय धाड भरलीया? रिक्षावाल्यासंगं भांडत हाय तिकडं."

"मग कोण गेलं?"

आत्तीने माझ्याकडे असं बघितलं, जणू या पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. आणि इकडे आबांपर्यंतही आवाज गेला होता. गल्लीत कुणाचं तरी वाईट झालंय, आपण गेलं पाहिजे, म्हणून त्यांनी वाटी ठेवली, टोपी घातली, चपला घातल्या आणि मागच्या बोळातून वळसा घालून ते गर्दीच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. पुढे शेजारचे गुरुजी होते. आबांनी हळूच विचारलं, "कोन गेलं?"

गुरुजी मागे न बघता म्हणाले, "गिरणीवालं आबा गेलं की."

आबा म्हणाले, "कुठल्या गिरणीचं?"

अशा वेळी कसल्या चौकशा करतात, म्हणून गुरुजी रागाने वळले. वळले आणि मटकन खाली बसले. त्यांच्यामागे एकेक माणूस वळत गेला, आणि ती गर्दी दोन्ही बाजूंना सरकत गेली, ती थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत. मधोमध आबा उभे, टोपी घालून, मिशीला आंबील लागलेली. आत्तीने त्यांना बघितलं. तिने आधी किंकाळी मारली, मग पळत जाऊन त्यांच्या दंडाला चिमटा काढला, आणि मग दोन सणसणीत शिव्या दिल्या. मला हसू आवरेना. उंबऱ्यावर बसून मी पोट धरून हसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळी गल्ली माझ्याबरोबर हसली.

आबांना तोंड उघडून हसता येत नव्हतं. ते खांद्यांनी हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, मधूनच गालाला हात लावत होते. "आता आलायसा तर बसा की," त्यांनी सांगितलं. "च्या टाक गं समद्यास्नी." मग ते कुणीतरी आणलेल्या खुर्चीवर ऐटीत बसले आणि चौकशी सुरू केली. कोण किती रडलं? कुणी काय म्हटलं? गुरुजींनी कबूल केलं की माणूस लाखातला होता असं ते म्हणाले होते. "आन दळान?" आबांनी विचारलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "जाड द्यायचास. पर मेलेल्या मानसाचं तसं बोलू ने म्हून गप बसले." फ्लेक्सही आणून दाखवला. आबांनी तो नीट निरखला आणि म्हणाले, "फोटू चांगला लावलाय."

"हे उठवलं कुणी पण?" आईने विचारलं. ती दारात उभी होती, हातात अजून घासणी. तेव्हा मंडळाची पोरं बाजूला झाली आणि मागून झोपेतून उठवलेला माझा भाऊ पुढे आला.

गल्ली परत हसायला निघाली होती, पण आबांकडे बघून थांबली. आबा त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मिसरूड फुटल्यापासून आम्ही कुणीच त्याला असं बघितलं नव्हतं. तो ओठ किती कोवळा दिसत होता. एवढा बाप्या माणूस, पोरका दिसत होता. खरंच बाप गेलेल्या मुलासारखा दिसत होता, आणि बाप समोर खुर्चीत बसला होता.

"आबा, तुमच्यासाठी काढली," भाऊ म्हणाला. पुढचं पाठ केलेलं सगळं तो विसरला होता.

आबांनी त्याला जवळ ओढलं आणि गिरणीच्या कामाने खडबडीत झालेला अंगठा त्याच्या ओठावरून फिरवला. "मी माझ्याच तोंडाचा इचार करत बसलोतो," ते म्हणाले. "मी गेल्यावर तुझं तोंड असं व्हनार, ह्ये काय मी बघितलंच न्हवतं."

आत्तीने नाक पुसलं. "बघितलंस न्हवं आता? मी एकदा रडलीया, परत वडगावास्नं रडाय येनार न्हाय. करून घे गुमान."

आबांनी आईला कात्री आणायला सांगितली. न्हाव्याला बोलवू, असं मी म्हटलं, पण त्यांनी हाताने नको म्हटलं. सगळ्यांचा चहा व्हायच्या आत आईने ती मिशी कापली, उरलेली भावाने वस्तऱ्याने काढली. खाली आत्तीचंच तोंड निघालं. इतकी वर्षं आम्हाला ठाऊक नव्हतं की दोघं एवढी सारखी दिसतात. आत्तीला ते आवडलं नाही, पण आबा आरशात बघून म्हणाले, "आता वाकडं झालं तर हिचं तोंड व्हईल, माझं न्हाय." आणि मी स्वयंपाकघरात जाऊन हसून आले.

ऑपरेशन दिवसभर चाललं. आम्ही बाहेर डबे उघडायचो आणि परत झाकायचो. मंडळाची पोरं रक्त द्यायला एवढी आली की नर्सने निम्म्यांना घरी पाठवलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, निघालं सगळं, हाड बसलं, त्यात रक्त खेळतंय. मग कळलं की हे सोपं होतं, पुढचं अवघड. आबांचं तोंड इतकं सुजलं होतं की डोळे शोधावे लागत. नाकात नळी, गळ्यात नळी, पाय बांधलेला. गळ्याच्या नळीमुळे आवाज नाही. ते हाताने काहीबाही सांगायचे, आम्ही चुकीचं समजायचो, ते डोळे मिटून घ्यायचे. आबांनी गिरणीत जे बोलून दाखवलं होतं तेच समोर पडलंय असं मला वाटायचं, आणि तरी मी त्यांच्यासमोर बडबडायचे आणि हसायचे. तो माणूस आत आहे की नाही, हे मला विचारायचं होतं, आणि विचारणार कुणाला?

सूज उतरू लागल्यावर एका सकाळी डॉक्टर म्हणाले, आज आवाज बघू. आईला आत यायचं धाडस होईना. "बोलनं आलं न्हाय तर त्यांचं तोंड मला बघवायचं न्हाय," म्हणून ती बाहेर बाकावर बसली. मी आणि भाऊ खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिलो. डॉक्टरांनी गळ्याच्या नळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, "आजोबा, तुमचं नाव सांगा."

आबांनी काहीतरी म्हटलं. ओठ एका बाजूने हललेच नाहीत, शब्द ओले होऊन बाहेर आले. डॉक्टर खाली वाकले. "पुन्हा सांगा. नाव?"

आबांनी पुन्हा म्हटलं, जरा जोरात. डॉक्टरांनी आमच्याकडे बघितलं, त्यांना काही कळलं नव्हतं. पण आम्ही गिरणीतली पोरं. चालू गिरणीत पूर्ण वाक्य कुणाला ऐकू येतं? अर्धा शब्द, डोळे आणि मान, एवढ्यावरच आम्ही लहानाचे मोठे झालो. मला पहिल्याच वेळी कळलं होतं, आणि भावालाही. तो ओठ दाबून खिडकीकडे वळला.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाव फायलीवर आहे, असं म्हणतायत," मी सांगितलं. वाक्यातला मधला शब्द मी गाळला.

मग मी बाहेर निघाले, आईला सांगायला, आणि दारातच मला रडू फुटलं. इतक्या दिवसांत जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं, हुंदक्यावर हुंदका, शब्द काही सुटेना. आईने मला असं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. ती बाकावरून घसरून फरशीवर बसली आणि पदराचा बोळा तोंडात धरला. मी मान हलवत होते, नाही, नाही, म्हणून, आणि तिला ते वेगळंच दिसत होतं.

"शिवी," मी कशीबशी म्हणाले. "शिवी दिली."

"कुनी?"

"आबांनी."

"कुनाला?"

"डॉक्टरांना."

आईने तोंडातला पदर काढला. "कुठली?"

मी तिच्या कानात सांगितली. तिने बाकाला धरून उठून पदर नीट खांद्यावर घेतला, डोळे पुसले.

"मग त्येच हाईत," ती म्हणाली आणि आत गेली.